दाढेत राहिलेले रान

फराळाच्या ताटाजवळ हाडांचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण इतिहासाला सोवळे पाळून चालत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचे एक शेतकरी गाव उजेडात आले. गाईबैल, शेळ्यामेंढ्या, हरणे अशा खाल्लेल्या जनावरांची हाडेही तेथे सापडली.

इ. स. पूर्व १००० नंतर मात्र चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस उणावला, शेती बुडाली आणि लोक मेंढरांमागे भटकू लागले, असे डॉ. ढवळीकरांचे अनुमान. ते खरे, तर त्या मेंढरांनी रानोरानचा चारा खाल्ला असला पाहिजे. त्याची साक्ष कोण देणार?

दाढ देते! लहानपणी दातावर चढलेले कवच पुढे बदलत नाही. जमिनीतले स्ट्रॉन्शियम चाऱ्यातून त्यात उतरते. त्याच्या जड-हलक्या प्रकारांचे प्रमाण खडकाच्या जातीवर आणि वयावर ठरते. गुजरातेत बगसरा येथील हडप्पाकालीन जनावरे कोठे चरत, याचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला शोध याच वाटेने घेतला गेला.

आपल्याकडे एक अडचण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण कोकणापासून विदर्भापर्यंत पसरलेला! कर्नाटकातील प्राचीन ग्रॅनाइटच्या रानात वाढलेले मेंढरू ताबडतोब ओळखू येईल. पण जुन्नरचे आणि नगरचे एकाच मुद्रेचे.

म्हणून आणखी दोन साक्षीदार बोलवावे लागतात. पहिला पाण्यातला प्राणवायू : घाटमाथ्यावरचा पाऊस आणि कोरड्या देशावर आटत गेलेले पाणी यांतले त्याचे जड-हलके प्रमाण सारखे नसते. दुसरा चाऱ्यातला कर्ब : कुरणातले बहुतेक गवत व ज्वारी-बाजरीचा कडबा एका घराण्याचा, तर झाडपाला आणि जवाचा भुसा दुसऱ्या.

दाढेचे कवच शेंड्याकडून मुळाकडे थराथराने चढते. ते थर ओळीने तपासले, म्हणजे मेंढराचे महिन्यामहिन्यांचे चारापाणी कळते. मात्र ऋतू पालटल्याने बदललेले पाणी कोणते आणि रान पालटल्याने बदललेले कोणते, हा निवाडा फार जपून करावा लागतो. तो नीट झाला, तर इनामगावच्या चुलीवर शिजलेले मेंढरू घोडेच्या काठीच वाढले की दूरच्या रानातून आले, हे तीन हजार वर्षांनंतरही सांगता येईल. आणि त्याबरोबरच, आपल्या पहिल्या शेतकऱ्यांनी अवर्षणात गाव सोडून वाट धरली की नाही, हेही.