शिरोडकरांचा टाका

सख्यांनो, पाचव्या महिन्यात फारशी कळ न येताच गर्भ पडतो, पुन्हा दिवस जातात, पुन्हा तेच. बोल मात्र बाईच्या कुशीला, नाहीतर करणीला. अंबडच्या गटांत आम्ही हे अजून ऐकतो. म्हणून आज डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांविषयी बोलू.

जन्म १८९९चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ साली विलायतेत एफआरसीएस झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी ओळखलं, की काही बायांच्या गर्भपिशवीचं तोंड सैल असतं. गर्भ वाढला की ते अवेळी उघडतं. मग बाईच्याच मांडीतून चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ती पिशवीच्या तोंडाभोवती बांधली, पोत्याचं तोंड बांधावं तशी! १९५५ साली ही रीत छापून आली. पुढे पट्टीऐवजी दोरा आला. नाव जगभर शिरोडकरांचंच राहिलं.

प्रत्येक गर्भपाताचं कारण हेच नसतं, टाका सगळ्यांना लागतही नाही. पण आधी असं घडलं असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगायचं. टाका साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास घालतात, बाळंतपण जवळ आलं की काढतात.