पुणेरी पलटण: सलग दोनदा तळाला राहिलेला संघ प्रो कबड्डीचा विजेता कसा झाला?

१ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादच्या गचीबावली स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम जिंकला. फरक जेमतेम तीन गुणांचा होता. ज्यांनी ही लीग पहिल्या वर्षापासून पाहिली आहे, त्यांना मात्र या तीन गुणांची किंमत माहीत होती. कारण हाच संघ पहिल्या दोन हंगामांत आठपैकी आठव्या क्रमांकावर होता.

महाराष्ट्रात कबड्डी गल्लोगल्ली खेळली जाते. हुतूतू म्हणून आजोबांनी खेळलेला, शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून शिकलेला हा खेळ. या खेळाचे नियम घडवण्यातही महाराष्ट्र आणि शेजारचं बडोदा पुढे होतं. अशा राज्यातल्या संघाला आपल्याच खेळात पहिलं विजेतेपद मिळवायला दहा हंगाम का लागले?

सुरुवात कधी झाली?

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला मुंबईत सुरू झाली. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या 'मशाल स्पोर्ट्स' कंपनीने ती उभी केली आणि पुढे स्टार इंडियाने त्यात मोठा हिस्सा घेतला. सुरुवातीच्या आठ संघांपैकी दोन महाराष्ट्रातले होते: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. पलटणची मालकी इन्शुअरकोट स्पोर्ट्स या कंपनीकडे आहे आणि बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे संघाचं घर.

लीगच्या आधी कबड्डीपटूची स्वप्नं साधारण एकाच ठिकाणी येऊन थांबायची. राष्ट्रीय स्पर्धेत चमकायचं आणि रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संघात नोकरी मिळवायची. खेळ हा नोकरीचा मार्ग होता, खेळच नोकरी नव्हता. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजार रुपयांची. त्या वेळी ही रक्कम प्रचंड वाटली होती. नऊ वर्षांनी पवन सेहरावतवर लागलेली बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली.

मुंबई पुढे, पुणे मागे

पहिली काही वर्षं महाराष्ट्राची मान उंच ठेवली ती यू मुंबाने. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत गेला आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेता झाला. पुण्याच्या चाहत्यांसाठी हे दुहेरी दुखणं होतं: आपला संघ तळाला आणि शेजारी शिखरावर. पुणे-मुंबईच्या नात्यात असं दुखणं किती दिवस चघळलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

२०१६ च्या सुरुवातीला, तिसऱ्या हंगामात, चित्र बदललं. अष्टपैलू मनजीत छिल्लरला कर्णधार केलं गेलं. सोबत अजय ठाकूर आणि दीपक निवास हुडा हे चढाईपटू आले. पलटण थेट तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि त्याच वर्षीच्या चौथ्या हंगामातही तिसरीच आली. आता पुढचं पाऊल विजेतेपदाचंच, असं वाटत असताना गाडी पुन्हा घसरली.

पाचव्या हंगामात लीग बारा संघांची झाली. पलटण बाद फेरीत गेली, पण अंतिम फेरी दूरच राहिली. सहाव्या हंगामासाठी नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख रुपये खर्च झाले, तरी बाद फेरीही गाठता आली नाही. सातव्या हंगामात प्रशिक्षक म्हणून आला तो खुद्द अनुप कुमार, म्हणजे ज्याने यू मुंबाला मोठं केलं तोच. संघ बारापैकी दहावा आला.

दरवर्षी नवा कर्णधार, नवा तारा आणि नवी आशा, हा या काळातला खरा घोळ होता. महागडा चढाईपटू घेतला की संघ तयार होतो, हा समज कबड्डीत फार काळ टिकत नाही. सात जणांच्या खेळात बचावाची साखळी एकमेकांच्या सवयीवर चालते. डावा कोपरा कधी झेपावणार, हे शेजारच्या कव्हरला न सांगता कळावं लागतं. ही समज लिलावात विकत मिळत नाही.

वळण कुठे आलं?

वळण आलं ते आठव्या हंगामात, आणि तेही फारसा गाजावाजा न होता. करोनामुळे २०२१-२२ चा हा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळला गेला. पलटणकडे नितीन तोमर आणि राहुल चौधरी ही मोठी नावं होती. पण चढाईचा भार हळूहळू दोन नवख्या पोरांवर आला: अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. मोहितला त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं. संघ बाद फेरीत पोहोचला आणि तिथे यूपी योद्धाकडून हरला.

अस्लम अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. घरची परिस्थिती बेताची, मैदान मातीचं. लीगमध्ये तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करण्याची सोय आहे. त्याला 'न्यू यंग प्लेअर' असं म्हणतात. पलटणने ही सोय इतरांपेक्षा अधिक चिकाटीने वापरली. 'युवा पलटण' या नावाने तरुणांचा वेगळा संघ घडवला आणि त्यातून पोरं वर आणली. नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत अशी मराठी नावं संघात दिसू लागली, ती याच धोरणातून. अबिनेश नादराजन आणि गौरव खत्री यांनी बचाव सांभाळला.

मग २०२२ मध्ये, नवव्या हंगामासाठी, बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून परतले. पाचव्या हंगामातही ते पलटणसोबत होते. मधल्या काळात, सातव्या हंगामात, त्यांनी बंगाल वॉरियर्सला विजेता केलं होतं. तरुणांच्या या संघाला अनुभवाची जोड म्हणून इराणचे फजल अत्राचली आणि मोहम्मद नबीबख्श यांना घेतलं गेलं. फजलवर १ कोटी ३८ लाखांची बोली लागली होती.

यावेळी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३३-२९ असं हरवलं. दुखापतीमुळे अस्लम त्या सामन्यात खेळू शकला नव्हता. चार गुणांनी गेलेला तो सामना पुण्यात अजूनही 'अस्लम असता तर' या वाक्याने सुरू होतो.

विजेतेपदाचा हंगाम

दहाव्या हंगामाची गोष्ट लीगबाहेर सुरू होते. ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनच्या हांगझोऊमध्ये आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध इराण. एका चढाईवरून एवढा वाद पेटला की सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. भारताच्या चमूत पलटणचे अस्लम आणि आकाश होते, तर समोर इराणकडून मोहम्मदरेझा शादलुई चियानेह. दोन-तीन दिवसांतच मुंबईत लीगचा लिलाव झाला आणि पलटणने याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना विकत घेतलं. सुवर्णपदकासाठी एकमेकांसमोर उभे ठाकलेले खेळाडू एकाच ड्रेसिंग रूममध्ये आले.

ही खरेदी आधीच्या महागड्या खरेद्यांसारखी नव्हती, हे समजून घ्यायला हवं. पूर्वी संघ नव्हता आणि तारा आणला जायचा. यावेळी संघ तयार होता, त्यात फक्त एक कोपरा भरायचा होता. कर्णधारपद अस्लमकडे गेलं. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पलटणने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. ९६ गुणांसह संघ पहिला आला. शादलुईने बचावात ९९ गुण मिळवले, हंगामातले सर्वाधिक. सर्वोत्तम खेळाडूचा किताब अस्लमला मिळाला.

उपांत्य फेरीत तीन वेळच्या विजेत्या पाटणा पायरेट्सचा ३७-२१ असा फडशा पडला. अंतिम सामना मात्र घट्ट झाला. दोन्ही बाजूंनी जपून चढाया, तिसऱ्या चढाईपर्यंत वाट पाहणं, एकेका गुणासाठी झटापट. कोंडी फोडली ती पंकज मोहितेने. एकाच चढाईत त्याने चार गुण आणले आणि सामना पुण्याकडे झुकला. बक्षिसाची रक्कम ३ कोटी रुपये होती.

युरोपातल्या क्लबांशी तुलना का होते?

व्यावसायिक क्लब दीर्घकाळ यशस्वी कसा राहतो, याची उदाहरणं द्यायची झाली तर युरोपातल्या बास्केटबॉलकडे बोट दाखवलं जातं. लिथुआनियातल्या कौनास शहराचा झालगिरिस हा क्लब १९४४ चा. देश सोव्हिएत संघात असताना त्याने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन सोव्हिएत विजेतेपदं मिळवली, मॉस्कोच्या बलाढ्य लष्करी क्लबला मागे टाकून. त्या संघाचा कणा होता अर्विदास सबोनिस, कौनासमध्येच जन्मलेला. १९९९ मध्ये हाच क्लब युरोलीगचा विजेता झाला. रेआल माद्रिदने युरोपचं विजेतेपद ११ वेळा मिळवलंय. त्यांच्या बास्केटबॉल संघात लुका डोंचिच तेराव्या वर्षी दाखल झाला आणि १९ व्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून अमेरिकेला गेला.

या क्लबांकडे पैसा आहेच. पण लहान वयात मुलं हेरायची, त्यांना स्वतःच्या पद्धतीने वाढवायचं आणि मग त्यांच्याभोवती परदेशी खेळाडू बसवायचे, हा क्रम तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पलटणने उशिरा का होईना, तोच क्रम धरला.

एक मोठा फरक मात्र आहे. युरोपातल्या बहुतेक देशी लीगमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. प्रो कबड्डीत तसं नाही. मालकाने फी भरली की जागा कायम. २०१४ आणि २०१५ मध्ये पलटण युरोपात असती तर कदाचित दुसऱ्या श्रेणीत हरवून गेली असती. बंद लीगवर टीका होते, पण चुकून शिकायला वेळ मिळतो तो त्यामुळेच. दुसऱ्या बाजूला इथल्या लिलावाच्या पद्धतीत जमलेला संघ टिकवणंही कठीण जातं, आणि याचा फटका पलटणला लगेच बसला.

विजेतेपदानंतर काय झालं?

अकराव्या हंगामाआधी शादलुई २ कोटी ७ लाखांना हरयाणा स्टीलर्सकडे गेला, म्हणजे ज्यांना हरवून पलटण जिंकली होती त्यांच्याकडेच. अस्लम दुखापतीमुळे हंगामाच्या मध्येच बाहेर पडला. गतविजेता संघ आठव्या क्रमांकावर घसरला. २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीतच झाला. तिथे हरयाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला आणि पलटणचे चाहते घरच्या मैदानावर प्रेक्षक म्हणून बसले.

बाराव्या हंगामासाठी अजय ठाकूर प्रशिक्षक झाला, नऊ वर्षांपूर्वी याच संघाकडून चढाया करणारा. अस्लम तंदुरुस्त होऊन कर्णधार म्हणून परतला. आदित्य शिंदेसारखा तरुण चढाईपटू पुढे आला. पलटणने तिसऱ्यांदा अंतिम फेरी गाठली, पण ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीने ३१-२८ असा विजय मिळवला. यावेळी तीन गुण विरुद्ध बाजूला गेले.

नंदुरबारच्या मुलाला इथपर्यंत पोहोचता येतं का?

सोशल मीडियावर पलटणच्या चढायांच्या क्लिप पाहणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो. नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा किंवा धडगावच्या शाळेतल्या मुलासाठी पहिली पायरी शालेय स्पर्धांचीच: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग आणि राज्य. दुसरा रस्ता जिल्हा कबड्डी संघटनेच्या निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपद स्पर्धेकडे जातो. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धांवर आणि तरुणांच्या लीगवर प्रो कबड्डी संघांची नजर असते, आणि करार बहुधा तिथूनच होतात.

अडचण आहे ती मॅटची. गावात सराव मातीवर होतो, निवड मात्र मॅटवर. मातीवर पाय रोवून पकड करणाऱ्याला मॅटवर बूट घालून वळताना पहिले काही महिने गुडघे आणि घोटे सांभाळावे लागतात. धडगावहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर सातपुड्यातला घाटरस्ता आणि अख्खा दिवस. अशा मुलासाठी निवासी प्रशिक्षण ही चैन नसून गरज ठरते. आणि प्रो कबड्डीचा करार नाही मिळाला, तरी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीवर सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण लागू होऊ शकतं. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवून ती क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावी लागतात.