जोडणीविना कॅराव्हॅन मुक्काम

जोडणीविना कॅराव्हॅन मुक्काम म्हणजे राहण्याची सोय असलेले वाहन बाहेरचा नळ, विजेची तार किंवा सांडपाण्याची वाहिनी यांपैकी कशालाही न जोडता त्यात केलेला एक किंवा अधिक रात्रींचा निवास होय. इंग्रजी भाषक देशांत या प्रकाराला ड्राय कॅम्पिंग किंवा बूनडॉकिंग म्हणतात. पिण्याचे पाणी, वीज, स्वयंपाकाचे इंधन आणि मैला साठवण्याची जागा या चारही गोष्टी वाहनातच असतात. त्यांतली जी आधी संपते ती मुक्कामाची मुदत ठरवते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा विचार प्रामुख्याने ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. बारवी, मुरबाड, माळशेज आणि कर्जत या दिशांना जाणाऱ्या प्रवाशाला शहरी नळ सोडून मोकळ्या मुलखात शिरण्याची वेस हीच आहे.

पूर्वपरंपरा

वाहनासह उघड्यावर राहणे महाराष्ट्राला नवे नाही. कल्याण बंदरातून देशावर जाणारा माल बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे, आणि नाणेघाटात वाटसरूंसाठी खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आजही पाहता येतात. बदलापूर हे नाव येथे घोडे बदलले जात म्हणून पडले, असे लोकपरंपरा सांगते. तमाशाचे फड हंगामभर मालमोटारी, राहुट्या आणि जनित्र घेऊन गावोगाव हिंडतात. मात्र या पद्धतीचे सर्वांत मोठे आणि शिस्तबद्ध उदाहरण पंढरीच्या वारीत दिसते. पालखी सोहळ्यातील दिंड्यांबरोबर शिधा, तंबू आणि भांडी वाहणारे ट्रक तसेच पाण्याचे टँकर असतात, आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे तीन आठवडे रोज नव्या तळावर संसार मांडला व मोडला जातो. आजच्या कॅराव्हॅनधारकाने पाण्याचे वाटप शिकायचे तर ते परदेशी पुस्तकांइतकेच दिंडीच्या स्वयंपाक्याकडूनही शिकता येईल.

उल्हासनगरातील 'कॅम्प' या शब्दाचा मात्र पर्यटनाशी संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याण येथील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. कॅम्प क्रमांक १ ते ५ ही नावे तेव्हापासून रूढ आहेत. तो मुक्काम हौसेचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

धोरण व कायदा

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेली कॅराव्हॅन पार्क आणि प्रत्यक्ष वाहने असे दोन भाग कल्पिलेले आहेत. जोडणीविना मुक्काम हा पार्कबाहेरचा प्रकार असल्याने जागेची परवानगी ही प्रवाशाची स्वतःची जबाबदारी राहते. वनजमिनीवर वन विभागाच्या अनुमतीशिवाय रात्र काढता येत नाही. धरणाच्या आवारातही तोच न्याय. व्यवहारात शेतमालकाच्या किंवा कृषी पर्यटन केंद्रचालकाच्या संमतीने खासगी जागेत थांबणे सर्वांत निर्धोक ठरते. गावातील पोलीस पाटलाला आधी कळवून ठेवले म्हणजे रात्री दारावर होणारी चौकशी टळते.

वाहनाबाबत एआयएस-१२४ हे मोटार कॅराव्हॅनसाठीचे भारतीय मानक आहे. साध्या व्हॅनमध्ये स्वतःच फेरफार करून पलंग, ओटा आणि टाक्या बसवणाऱ्यांनी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ कडे दुर्लक्ष करू नये. नोंदणीकृत वाहनात परवानगीविना केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण निर्माण करू शकतो.

पाणी

या पट्ट्यातील रहिवाशाला पाणी साठवून वापरण्याची सवय घरातूनच असते. अंबरनाथ व बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणीपुरवठा करते, तर उल्हासनगर मुख्यतः औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर अवलंबून आहे. पाणीकपातीच्या दिवशी पिंप, कळशी आणि बादली यांचा जो हिशेब गृहिणी करते, तोच कॅराव्हॅनमध्ये लागू पडतो.

पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागते. भांडी, हातपाय धुणे आणि अंग पुसणे किंवा आखडती आंघोळ धरून काटकसरीने १५ ते २० लिटरांत भागते. म्हणजे १०० लिटरांची टाकी दोघांना अडीच ते तीन दिवस पुरते. घरच्याप्रमाणे फवाऱ्याखाली उभे राहिल्यास तीच टाकी एका दिवसात रिकामी होते. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. टाकीचा नळ चुकून उघडा राहिला तरी त्यामुळे तहानेची वेळ येत नाही. १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो असते. घाटरस्त्यावर भरलेली टाकी वाहनाच्या चाकांवर आणि ब्रेकवर तेवढा भार टाकते, हे चालकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

भांडी धुण्याआधी कागदाने किंवा जुन्या कापडाने पुसून घेणे, डाळतांदूळ धुतलेले पाणी पहिल्या विसळणीसाठी वापरणे आणि तांब्यातून पाणी घेणे हे उपाय साधे आहेत, पण त्यांनी निम्मे पाणी वाचते.

वीज

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून प्रत्यक्षात ६०० वॅट-तासच हाती येतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापर करता येतो. ती महाग असली तरी वजनाला हलकी असते.

२५ वॅटचा पंखा रात्री आठ तास चालल्यास २०० वॅट-तास लागतात. एलईडी दिवे आणि दोन मोबाइल यांना मिळून १०० वॅट-तास पुरतात. लहान कॉम्प्रेसर शीतकपाट मात्र उन्हाळ्यात दिवसाकाठी ४०० ते ६०० वॅट-तास घेते, आणि वातानुकूलन यंत्र एका तासातच १,००० वॅट-तासांच्या पुढे जाते. बदलापूर-कर्जत पट्ट्यातल्या एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात नवख्यांचा धीर नेमका येथेच सुटतो. बॅटरीवर वातानुकूलन चालवण्याचा अट्टाहास सोडून सावलीची जागा, समोरासमोरच्या खिडक्या आणि मच्छरदाणी यांवर भर द्यावा, किंवा मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठेवावा.

१०० वॅटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी ४०० वॅट-तासांच्या आसपास वीज देते. सावलीत उभ्या वाहनाच्या छतावरचे पॅनेल जवळपास निरुपयोगी असते, त्यामुळे सुटे, उन्हात मांडता येणारे पॅनेल सोयीचे. पावसाळ्यात सौर विजेवर विसंबून चालत नाही. तेव्हा वाहनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरण्याची सोय लागते.

इंधन आणि विषारी वायू

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो व गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूस बाहेर उघडणारी झरोके असावी लागतात. कार्बन मोनॉक्साइड अधिक घातक आहे, कारण त्याला रंग नाही आणि वासही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन व्यक्ती मृतावस्थेत आढळल्या. जनित्रातून निघालेला हा वायू वाहनाच्या आत शिरल्याचे तपासणीत दिसून आले. झोपेच्या वेळी जनित्र अथवा इंजिन चालू ठेवू नये, शेगडी वा कोळशाचे घमेले उबेसाठी आत घेऊ नये आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण बसवावे. काही शे रुपयांसाठी येथे काटकसर करणे अनाठायी आहे.

सांडपाणी व मैला

वापरलेले साबणाचे पाणी आणि शौचालयातील मैला यांच्या टाक्या वेगळ्या असतात. भारतात लहान वाहनांत सुटी काढता येणारी पेटी असलेले शौचपात्र सोयीचे पडते. १५ ते २० लिटरांची पेटी दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती केवळ मैलावाहिनीला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करावी. यजमान शेतकऱ्याकडे आधी विचारणा करून तशी सोय मिळू शकते.

नाल्यात टाकी ओतण्याचा मोह या भागात विशेष निंद्य मानावा लागेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रासायनिक द्रव सोडला गेल्याने उल्हासनगरातील शेकडो नागरिकांना वायुबाधा झाली होती. वालधुनी व उल्हास या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. एका कॅराव्हॅनचा मैला त्या तुलनेत किरकोळ आहे, हे खरे. परंतु उल्हास नदीचे पाणी पुढे लाखो लोक पितात.

पावसाळ्यातील धोके

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. रेल्वेची भरावावरील वाट जेथे बुडते, तेथे नदीकाठच्या सपाट गवतावर उभे केलेले वाहन टिकणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात उल्हास आणि बारवी या नद्यांच्या काठचा सखल भाग टाळावा. बारवी धरण भरल्यावर त्यातून विसर्ग सुरू होतो, आणि वर घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाची खाली कोरड्या तळावर काहीच चाहूल लागत नाही. कोंडेश्वर परिसरातील धबधब्यांत बुडून दरवर्षी जीव जातात. प्रशासन पावसाळ्यात तेथे मनाईचे आदेश काढते.

सराव

पहिला मुक्काम स्वतःच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात, घरातला नळ व वीज न वापरता करावा, असा अनुभवी प्रवाशांचा परिपाठ आहे. त्यात काय विसरले, कोणती टाकी आधी संपली आणि पंख्याने बॅटरी किती खाल्ली याची वहीत नोंद ठेवली की दुसऱ्या वेळचा अंदाज बरोबर येतो. त्यानंतर बदलापूर-मुरबाड रस्त्यालगतच्या ओळखीच्या शेतावर एक रात्र, पुढे दोन रात्री असा क्रम सोयीचा. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असल्यास जवळच्या रुग्णालयाचे अंतर आधी पाहून ठेवावे. मोबाइलला सिग्नल नसलेल्या दरीत पहिल्याच खेपेस उतरू नये.