नदीचा आकडा आणि दवंडी

श्रोतेहो, जुलै-ऑगस्टात सांगलीच्या रस्त्यावर दोन माणसे भेटली की खुशाली विचारण्याआधी एक प्रश्न येतो, ‘आयर्विनला किती?’ परगावच्या माणसाला वाटावे, हळदीचा भाव विचारताहेत. पण तो भाव नसतो, कृष्णेची पातळी असते. संस्थानी काळात बांधलेला हा दगडी पूल १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. रहदारीसाठी बांधलेला पूल पुढे सगळ्या गावाची मोजपट्टी झाला. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. शाळकरी पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात.

नदी मोजण्याची ही खोड माणसाला फार जुनी. इजिप्तमध्ये कैरो शहराजवळ नाईल नदीत रोडा नावाचे बेट आहे. तिथे इ. स. ८६१ मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या काळात एक ‘मिक्यास’, म्हणजे मापक, बांधला गेला. दगडी विहीर, तिच्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधोमध संगमरवरी अष्टकोनी खांब आणि त्यावर हातांच्या खुणा. विहिरीत नदीचे पाणी भुयारातून येई. भिंतींवर पाऊस आणि पिकांविषयीच्या आयती कोरलेल्या आहेत. नाईलचे मोजमाप त्याच्याही कितीतरी आधीचे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे की पाणी १२ हात चढले तर भूक, १४ हात चढले तर आनंद आणि १६ हात चढले तर सुबत्ता. शेतसाराही पाण्याच्या चढावावर ठरे. आपल्याकडे पूर म्हटले की पोटात गोळा येतो. तिथे पूर आला नाही, तर गोळा येई.

या मिक्यासच्या इतिहासातला एक प्रसंग मला कधीचा छळतो आहे. दहाव्या शतकात फातिमी खलिफा मुइझ याने हुकूम काढला की पाणी १६ हातांवर पोचेपर्यंत रोजचा आकडा लोकांना सांगायचा नाही. कारण साधे होते. पाणी हळू चढते आहे असे कळले की लोक घाबरत, व्यापारी धान्य दडवत आणि भाव भडकत. पुढच्या काळात मात्र नाईलचे दवंडीवाले गल्लोगल्ली फिरून चढाव सांगत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही प्रश्न तोच होता, की नदीचा आकडा मोजणाऱ्याचा की काठावर राहणाऱ्याचा? खलिफा दुष्ट नव्हता. त्याला भीतीची भीती वाटत होती. पण पुराच्या नदीकाठी दडवलेला आकडा धान्य वाचवत नाही, माणसे मात्र बुडवतो.

आपल्या देशात पुराचा शास्त्रीय अंदाज देण्याचे काम १९५८ साली सुरू झाले, दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी, यमुनेवर. आज केंद्रीय जल आयोगाची अशी केंद्रे देशभर आहेत. आपल्या कृष्णा-भीमा खोऱ्यातही स्वयंचलित यंत्रे बसली आहेत. पूर्वी माणूस भर पावसात पट्टीपाशी जाऊन तासातासाला आकडा वाचून येई. आता यंत्र तो परस्पर पाठवते.

पण नुसता पुलावरचा आकडा पुरत नाही. कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळते आणि सांगली गाठायला साधारण दिवसभर घेते. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या नद्या फुगल्या की वरचे पाणी तुंबते. त्याही पुढे कर्नाटकात अलमट्टीचे धरण. धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीमध्ये आणि आमचा पूल फुटांत. साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडले की जेमतेम एक टीएमसी होते, एवढा हिशेब तरी किती जणांना सांगितला जातो? नदी एक आणि तिच्या भाषा चार. २००५ च्या महापुरानंतर दोन राज्यांत दोष कुणाचा यावर वर्षानुवर्षे वाद झाले. आता दोन्हीकडचे अभियंते पावसाळ्यात विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवतात. हे शहाणपण महागात मिळाले आहे.

आता माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात ते माझ्या खांद्यापर्यंत चढले. ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ उरली. अम्मी म्हणाली, ‘ही पुसू नका, राहू दे.’ आम्ही ती राहू दिली आणि तिच्यावर दोन फूट उंच माळा बांधला. अब्बांच्या हिशेबाच्या वह्या, माझ्या कवितांच्या वह्या, सगळे एका पेटीत घालून माळ्यावर ठेवले. वाटले, याहून वर पाणी कुठले येतेय! २०१९ च्या ऑगस्टात आम्ही घराला कुलूप लावून मिरजेला बहिणीकडे गेलो, ते निर्धास्त मनाने. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. परतलो तेव्हा पेटी जागेवरच होती. कागदही होते, अक्षरे तेवढी गेली होती.

वह्यांचे दुःख मी फार करत नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली, तिथे वह्यांचे काय! पण एक धडा मिळाला. जुन्या पुराची रेघ ही पाण्याची आठवण असते, हद्द नसते. दिल्लीनेही तेच अनुभवले. यमुनेचा १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक ४५ वर्षे टिकला आणि २०२३ मध्ये पाणी २०८.६६ वर गेले. नाईलच्या शतकानुशतकांच्या नोंदी अभ्यासून हर्स्ट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९५१ साली दाखवले की भरपूर पाण्याची वर्षे पुष्कळदा कळपाने येतात, तशीच टंचाईचीही. आमच्याकडे २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ साली, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास होते. ‘मोठा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही,’ म्हणणाऱ्यांनी तेव्हा पुन्हा सामान उचलले.

श्रोतेहो, आकडा आता दडवला जात नाही. तो मोबाइलवर येतो, रेडिओवर येतो. उणीव आहे ती आकड्याचा अर्थ दारापर्यंत पोचण्याची. ‘पाणी ४३ फूट’ म्हणजे कुठल्या गल्लीत घोटाभर आणि कुठल्या गल्लीत कमरेइतके, हे त्या त्या गल्लीला ठाऊक हवे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट इथली माणसे धोक्याच्या पातळीची वाट पाहत नाहीत. त्यांचा धोका ४५ च्या आधीच सुरू होतो. प्रत्येक उंबऱ्याचा आपला एक आकडा असतो.

आमच्या उंबऱ्याचा ४९ आहे. मी तो दाराच्या चौकटीवर रंगाने लिहून ठेवला आहे, अम्मीच्या रेघेच्या शेजारी. गेल्या पावसाळ्यात शेजारची मुलगी विचारत होती, ‘चाचा, हा घर नंबर आहे का?’ मी तिला पुलाकडे घेऊन गेलो.