दवंडी, नोटीस आणि मजुरीचा दर

मजुरीचा इतिहास लिहिणारे बहुधा दर लिहितात. दोन आणे, दीड आणा, एक आणा असे आकडे मांडतात, धान्याच्या भावाशी त्यांची तुलना करतात आणि थांबतात. तो दर मजुराच्या कानावर कोणी घातला, केव्हा घातला, मुळात घातला की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मला तो कळीचा वाटतो. जो दर मजुराला ठाऊक नाही तो सरकारच्या दप्तरात असतो; मजुराच्या हक्कात नसतो.

जुन्या सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडील कोरडा पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे. कडेगाव, खानापूर, खटाव, माण ही ती गावे आणि तालुके. कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होते. १९४९ साली ते दक्षिण साताऱ्यात गेले, १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले, आणि आता कडेगाव हा स्वतंत्र तालुका आहे. जिल्ह्याची नावे बदलली. पाऊस मात्र होता तसाच राहिला. पाऊस हुकला की सरकारी बांधकाम निघणार आणि त्यावर आमची माणसे सर्वांत आधी जाणार, हा क्रम दीडशे वर्षे चालत आला आहे. ज्याला जमीन नाही त्याला वाट पाहण्याची सोय नसते.

कागदी नोटीस येण्याआधी गावात जाहीर सूचनेचे साधन एकच होते. ते म्हणजे दवंडी. ती देण्याचे काम गावगाड्याने आमच्या गळ्यात घातले होते. पाळीवरचा येसकर ओरडणार, हलगी मांगाच्या हातात असणार. सारा भरण्याची तारीख, साहेबाचा मुक्काम, लिलाव, वेठीला माणसे हजर करण्याचा हुकूम, हे सारे आमच्याच तोंडून गावाला कळत असे. म्हणजे गावातली प्रत्येक सरकारी बातमी प्रथम आम्हाला ठाऊक होती. पण ठाऊक असणे वेगळे आणि तिच्यावर हक्क असणे वेगळे. लिलाव पुकारणाऱ्याला लिलावात बोली बोलण्याची ऐपत नव्हती आणि मुभाही नव्हती. चावडीच्या पायरीखाली उभे राहून हुकूम ऐकायचा आणि गावभर सांगत फिरायचे, एवढाच त्याचा वाटा. शिवाय या कामाला रोख मजुरी नव्हती. चार शेरांचे बलुते आणि वतनाचा तुकडा यांत सारे आले. दुसऱ्याच्या मजुरीची दवंडी देणारा स्वतः बिनमजुरीचा होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरून चालणार नाही.

आता १८७६ चा दुष्काळ पाहू. मुंबई सरकारने दुष्काळी कामांवर प्रथम जे दर लावले ते असे: पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, काम करू शकणाऱ्या मुलाला एक आणा. भाव चढू लागल्यावर मजुरी धान्याशी बांधली गेली. पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, असे सूत्र ठरले. येथपर्यंत व्यवस्था बरी दिसते. पण सरकारने कामांचे दोन भाग केले होते. बांधकाम खात्याच्या कामावर हा दर. मामलतदारांच्या देखरेखीखालच्या मुलकी कामावर याहून कमी, एक पौंड धान्याची किंमत आणि अर्धा आणा. मुलकी कामावर मुद्दाम कमी देण्याचे कारणही उघड सांगितले गेले. खरोखर नाडलेलाच माणूस कामावर यावा, बाकीच्यांनी येऊ नये. म्हणजे श्रमाची किंमत श्रमावरून ठरली नाही. माणूस किती उपाशी आहे यावरून ठरली. १८७७ च्या सुरुवातीला मजुरीच्या कपातीविरुद्ध इलाख्यातले हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला अजून जागा मिळालेली नाही.

'ज्याला गरज जास्त, त्याला मजुरी कमी' हे त्या दुष्काळातले तत्त्व पुढे वेगवेगळ्या कायद्यांच्या भाषेत पुन्हा पुन्हा आले. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. मी त्याकडे परत येणार आहे.

याच पट्ट्यातली दुसरी नोंद १९०१ ची आहे. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. तेथे रोखपाल म्हणून सुभेदार रामजी सकपाळ नोकरीला होते. बापाला भेटायला निघालेली त्यांची मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत लहान भीमराव होते. अस्पृश्य म्हणून गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची, गाडीवानाने पायी चालायचे, असा सौदा झाला. रात्रभराच्या त्या प्रवासात पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले आहे. आपण हा प्रसंग नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या तलावावर हजारो उपाशी माणसे खोदत होती त्याच्या पैशाचा हिशेब एका महाराच्या हाती होता. आणि त्याच महाराच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळत नव्हते. सार्वजनिक पैशाने पाणी साठवायचे आणि ते खोदणाऱ्याला त्याला शिवू द्यायचे नाही, ही विसंगती कायदेमंडळात उघडपणे मांडली जायला १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रावबहादूर बोले यांच्या ठरावाने सरकारी खर्चातून बांधलेले पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या ठरल्या. महाडचा सत्याग्रह त्याच्या पुढचा टप्पा.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ च्या त्या कायद्याने वतनदार महाराला दिवसा-रात्री केव्हाही बोलावता येत होते, आणि मोबदला मात्र नाममात्र होता. काम ठरलेले नाही, तास ठरलेले नाहीत, मजुरी ठरलेली नाही. ही वेठ कायद्याने जायला १९५९ चा ऑगस्ट उजाडला. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आजच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावी जन्मलेले.

या दोन तारखांच्या मध्ये एक मोठी घटना आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सरकारी बांधकामाचे खातेही त्यांच्याकडेच होते. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते १९४८ साली कायदा झाले. रस्ते, इमारती, दगडफोड, स्थानिक संस्थांची नोकरी हे सारे त्याच्या अनुसूचीत आले. अभ्यासवर्गात मी कार्यकर्त्यांना या कायद्याची दोन कलमे मुद्दाम वाचून दाखवीत आलो. पाचवे कलम सांगत होते की दर ठरवण्यापूर्वी सरकारने आपला प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करावा, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना म्हणणे मांडायला निदान दोन महिने द्यावेत. अठरावे कलम सांगत होते की मालकाने कामाच्या जागी नोटीस लावलीच पाहिजे. म्हणजे बाबासाहेबांनी ज्या कायद्याचा पाया घातला त्यात दवंडीची दिशाच उलटी झाली. पूर्वी आम्ही सरकारचा हुकूम गावाला सांगत होतो. आता सरकारने आणि मालकाने आमचा हक्क आम्हाला सांगायचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. तिच्याही पन्नासाव्या कलमात दर, वेतनाचा काळ आणि पगाराचा दिवस फलकावर लावण्याचे बंधन आहे. कलम आहे; फलक किती ठिकाणी आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन पाहावे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडली गेली, पाझर तलाव झाले, नाले अडवले गेले. त्या कामांवर गेलेल्या आमच्याकडच्या बायकांशी मी बोललो आहे. त्यांना चौकडीचे माप अजून बिनचूक आठवते, सुकडीची चव आठवते, मुकादमाचा आवाज आठवतो. दर मात्र आठवत नाही. त्यांची स्मृती अधू आहे असा याचा अर्थ नाही. माप त्यांच्याकडून घेतले जात होते आणि दर त्यांना सांगितला जात नव्हता, एवढाच याचा अर्थ. हातावर पडेल ती मजुरी.

या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचे शिल्पकार वि. स. पागे याच जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातील विसापूरला १९६५ साली त्यांनी तिचा पहिला प्रयोग केला. २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. या योजनेने एक मोठी गोष्ट केली. सरकारी काम आणि मजूर यांच्यामधला मक्तेदार तिने तत्त्वतः काढून टाकला. काम मागणे हा हक्क झाला. पण कमी मजुरीचे ते जुने तत्त्व मेले नव्हते. राजस्थानात १९६४ च्या एका कायद्याने दुष्काळी कामांना किमान वेतनातून सूट दिलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली संजीत रॉय खटल्यात ती सूट मोडून काढली. त्याआधी १९८२ साली, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, न्यायालयाने सांगितले होते की भुकेच्या दडपणाखाली किमान वेतनाहून कमी पैशात काम करावे लागणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. वेठ हा शब्द आमच्या आजोबांच्या पाठीवर लिहिलेला होता. न्यायालयाने तो मक्तेदाराच्या मस्टरवर वाचला. तरीही २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने आपला दर किमान वेतन कायद्यापासून अलग ठेवण्याची मोकळीक केंद्र सरकारला दिली. १८७७ चे तत्त्व नव्या कपड्यांत परत आले.

आता निविदेकडे वळू. कोणत्याही ग्रामपंचायतीची, नगरपंचायतीची वा जिल्हा परिषदेची निविदा सूचना वाचा. तीत कामाचे नाव असते, अंदाजित रक्कम असते, बयाणा रक्कम, अनामत, मुदत, मक्तेदाराची नोंदणी आणि वर्ग हे सारे असते. मजुराला मिळायचा दर त्यात नसतो. ती सूचना मक्तेदाराने मक्तेदारासाठी वाचायची असते. आता तर ती संगणकावर निघते.

हिशेब करून पाहू. समजा अंदाजपत्रक दहा लाखांचे आहे. त्यात सिमेंट, लोखंड, वाळू, खडी, वाहतूक यांचे सहा लाख. मजुरीचे तीन लाख. नफ्याचा एक लाख. मक्तेदार वीस टक्के कमी दराने, म्हणजे आठ लाखांत काम घेतो. सिमेंटचा कारखाना त्याला वीस टक्के सूट देत नाही. डिझेलचा पंप देत नाही. तो सगळा नफा सोडायला तयार झाला तरी एक लाखाची तूट उरते. ती भरून काढायला दोनच जागा आहेत: माल कमी घालणे किंवा मजुरी कमी देणे. माल कमी घातला तर रस्ता पहिल्या पावसात बोलतो. मजूर बोलत नाही. म्हणून निविदेतली स्पर्धा वरवर पाहता मक्तेदारांमधली असते. प्रत्यक्षात ती मजुराच्या ताटावर चालते. कायद्याने मजुरी ही घासाघिशीची वस्तू नाही, तरी सर्वांत जास्त घासली जाते तीच.

मक्तेदारीत आपला माणूस शिरला की हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. महात्मा फुले स्वतः सरकारी कामांची कंत्राटे घेत; खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. बांधकाम खात्यातली लूट त्यांना आतून ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावर कोरडे ओढले. तेव्हा ही वाट कमीपणाची नाही. शेजारच्या कर्नाटकाने छोट्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१ टक्के राखीव हिस्सा ठेवला, तेही विचार करण्याजोगे आहे. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांसाठी कामे राखून ठेवण्याची पद्धत आहे. पण संस्थेच्या यादीतला मजूर खरोखर घमेले उचलणारा आहे काय, हे तपासल्याशिवाय त्या राखीवतेला अर्थ नाही. दलित वस्ती सुधारणेच्या पैशातून आमच्याच आळीतले गटार होते आणि त्यावर राबणाऱ्या आमच्याच बायकांना दर माहीत नसतो, ही स्थिती मालकाची जात बदलून आपोआप बदलत नाही.

मग करायचे काय? राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावात जनसुनवाई भरवून मस्टर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कागद तोच होता. तो वाचणारा आणि ऐकणारा बदलला. आपल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना हे जमणार नाही असे नाही. प्रत्येक निविदा सूचनेत त्या कामावरचा किमान दर छापला जावा, ही मागणी ग्रामसभेत आणि वॉर्डात मांडा. अंदाजापेक्षा फार कमी दराने काम घेतले गेले तर मजुरीचा हिशेब लेखी मागा. कामाच्या जागी फलक नसेल तर तशी तक्रार द्या. मजूर संस्थेच्या सभासदांची यादी वस्तीत वाचून दाखवा. आणि जिथे वाचता न येणारे आहेत तिथे दवंडी द्या.

होय, दवंडी. तिची लाज वाटण्याचे कारण आता उरलेले नाही. लाज होती ती बिनमजुरीने दुसऱ्याचा हुकूम पुकारण्याची. आपला दर आपण आपल्या माणसांना मोठ्याने सांगणे ही वेठ नव्हे. वतन गेले तेव्हा हलगी खाली ठेवली ते योग्यच झाले. पण आवाज खाली ठेवायचे कुठे ठरले होते?