मेंढ्या नसलेल्या मुलखातली घोंगडी

मराठी वस्त्रांचा इतिहास बहुधा पैठणीपाशी सुरू होतो आणि पैठणीपाशीच संपतो. रत्नागिरीच्या पावसात मात्र पैठणी काय कामाची? वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात शेतकऱ्याची आणि गुराख्याची पाठ राखली ती घोंगडीने. काळ्या, खरखरीत लोकरीचे हे हातमागावरचे वस्त्र. कांबळे हे त्याचेच दुसरे नाव. गंमत अशी की ही लोकर कोकणातली नव्हेच.

कोकणच्या पावसाळ्यात मेंढी टिकत नाही. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात. म्हणूनच सह्याद्रीच्या माथ्यावर आणि रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर राहणारे गवळी धनगर नावाने धनगर असले, तरी त्यांनी पाळल्या त्या म्हशी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली या समाजावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. मेंढ्या घाटापलीकडच्या कोरड्या माळरानांवर वाढल्या. पावसाळा सरला की देशावरचे काही धनगर कळप घेऊन कोकणात उतरत. रिकाम्या भातखाचरांत मेंढ्या बसवत, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात धान्य घेत आणि मृगाच्या आत घाट चढून परत जात. मेंढी पावसाआधी निघून जाई. तिची लोकर मात्र पावसात कोकण्याच्या डोक्यावर असे.

घोंगडी विणणारे वेगळे. सणगर आणि खुटेकर धनगर हे त्यातले प्रमुख. खुटेकरांचे तर नावच ताण्याच्या खुंट्यांवरून आले आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचे. हे काम बहुतेक बायकांचे. मग ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे सूत ताठ होते आणि मागावर तुटत नाही. विणणारा बसे खड्ड्याच्या मागावर, पाय जमिनीखाली सोडून. रंग द्यावा लागत नसे. मेंढी काळी, म्हणून घोंगडी काळी.

आणि ती पांघरायची कशी, हीच खरी विद्या. साधारण नऊ-दहा फूट लांबीची घोंगडी मधोमध दुमडायची. दुमडलेल्या कडेचा एक कोपरा आत ढकलला की टोपीसारखी पोकळी तयार होते. ही खोळ. ती डोक्यावर चढवली की उरलेले वस्त्र पाठीवरून गुडघ्यांपर्यंत उतरते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ना शिवण, ना गुंडी. पाऊस थांबला की तीच घोंगडी घडी होऊन खांद्यावर येई, दुपारी अंथरूण होई, रात्री पांघरूण.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. शिवाय तिच्यातला मेणचट अंश पाण्याचे थेंब काही काळ बाहेरच थोपवतो. एकदा मात्र ती पुरती भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या प्रकरणाला मराठी माणूस ‘भिजत घोंगडे’ का म्हणतो, हे कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

याच काळात पुण्यात लोकरीचे दुसरेच वस्त्र मिरवत होते. काश्मीरहून येणाऱ्या पश्मिन्याच्या शाली जोडीने विकल्या जात, म्हणून ती शालजोडी. दरबारी मानाच्या देण्यांत तिचे स्थान वरचे. नाना फडणविसांचे घराणे मूळचे मंडणगडजवळच्या वेळासचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. घाट चढून गेलेल्या अशा कोकणी घराण्यांच्या अंगावर शालजोडी आली. मागे राहिलेल्या कुणब्याच्या पाठीवर घोंगडीच राहिली. दोन्ही लोकरच, दोन्ही हातमागावरचीच. आज सत्कारात शाल आणि श्रीफळ देतात, घोंगडी देत नाहीत. शालीने मान दाखवायचा असतो, घोंगडी कामाला लागते, हा भेद तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

बदलली ती लोकर. आता मेंढी मांसासाठी पाळली जाते. माडग्याळसारख्या, अंगावर लोकर जवळजवळ नसलेल्या जातींशी दख्खनी मेंढीचा संकर वाढला. कातरणीची मजुरी लोकरीच्या दरापेक्षा जड झाली, तेव्हा कातरलेली लोकर फेकून देण्याची पाळी आली. सुताअभावी माग थांबले आणि विणकरांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली.

आषाढात रत्नागिरीच्या खाचरांत लावणी चालू असताना आजही वाकलेल्या पाठींवर खोळ दिसते. तसाच दुमडलेला कोपरा, तशीच गुडघ्यांपर्यंत उतरलेली कड. फक्त ती प्लास्टिकच्या कागदाची असते.