विमानाचा न दिसणारा धूर

"डॉक्टर, धूर तर कुठे दिसतच नाही, मग खोकला कसला?" विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका पेशंटने मला विचारलं. एक्स-रे स्वच्छ होता, सिगरेटचं व्यसन नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं. तुम्हीही चला.

१९६० साली एअर इंडियाने बोईंग ७०७ आणलं आणि या कंपनीचा जेट विमानांचा काळ सुरू झाला. त्या काळच्या जेटची जुनी फिल्म कधी पाहिलीत तर विमानामागचा काळा पट्टा लगेच नजरेत भरेल. जगभर तक्रारी झाल्या, आणि १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंजिनांच्या उत्सर्जनाचे नियम केले. धूर मोजायची पद्धत साधी होती: तो पांढऱ्या फिल्टर पेपरमधून ओढायचा आणि कागद किती काळा पडतो ते पाहायचं. कंपन्यांनी इंजिनं सुधारली, काळा पट्टा गेला. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

खरं तर फक्त मोठे कण कमी झाले होते. आजच्या इंजिनातून येणारे बहुतेक कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक. प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वजनही जवळजवळ नसतं. बातम्यांत तुम्ही 'पीएम २.५' वाचता ना? त्यातल्या सर्वांत मोठ्या एका कणाच्या वजनाइतकं वजन भरायला १०० नॅनोमीटरचे सुमारे १५ हजार कण लागतात. त्यामुळे वजनावर आधारलेला हवेचा आकडा ठीक दिसतो आणि कण मात्र फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. त्यातले काही रक्तातही उतरू शकतात.

इंधनाचाही यात वाटा आहे. आपल्याकडे २०२० पासून गाडीच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. विमानाच्या इंधनात हीच मर्यादा ३,००० आहे! प्रत्यक्षात गंधक यापेक्षा बरंच कमी असतं, पण त्यापासूनही अतिसूक्ष्म कण तयार होतात.

हे सगळं कामगारांच्या बाजूने पहिल्यांदा नीट पुढे आलं ते डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या विमानतळावर. तिथल्या कामाच्या अपघात-आजारांची भरपाई ठरवणाऱ्या सरकारी मंडळाने विमानतळ कामगारांचे काही कॅन्सर 'बहुधा कामाच्या ठिकाणच्या हवेमुळे' असे मान्य केले. त्यात मूत्राशयाचा कॅन्सर होता. मग विमानं उभी राहतात त्या जागेची हवा मोजली गेली. २०१२ च्या सुमारास निकाल आले: कणांची संख्या शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यापेक्षा दोन-तीन पट. वजनाने मोजलेली हवा मात्र मर्यादेतच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भरपाई मान्य होणं म्हणजे वैज्ञानिक पुरावा पूर्ण होणं नव्हे. पुढे तिथल्याच साडेसहा हजारांच्या आसपास पुरुष कामगारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयविकार किंवा पक्षाघात वाढल्याचं दिसलं नाही. त्यामुळे घाबरून नोकरी सोडू नका. पण डिझेलचा धूर कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच ठरवलंय, आणि विमानाभोवतीचे ट्रॅक्टर, लोडर बहुतेक डिझेलवरच चालत आलेत.

कोपनहेगनचं मला आवडलं ते हे, की शास्त्रज्ञांचा शेवटचा शब्द येईपर्यंत कोणी थांबलं नाही. व्यवस्थापन आणि कामगार संघटना एकत्र बसले. विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, 'एपीयू'. विमान उभं असताना वीज आणि एसी त्यावर चालतो, आणि सामान उतरवणारा माणूस नेमका त्याच धुरात उभा असतो. वीज जमिनीवरून केबलने घेतली तर हे इंजिन बंद ठेवता येतं. तिथे त्याचा वापर आगमनानंतर आणि निघण्याआधी काही मिनिटांपुरताच ठेवायचा नियम झाला. डिझेल गाड्यांच्या जागी विजेच्या गाड्या येऊ लागल्या. खर्चिक यंत्रांपेक्षा हा 'बंद ठेवा'चा नियम मला जास्त मोलाचा वाटतो.

कागद काळा करण्याच्या जुन्या चाचणीच्या जोडीला कणांचं वजन आणि संख्या मोजण्याचा आंतरराष्ट्रीय नियम यायला २०२० साल उजाडलं. तोही फक्त काजळीच्या घट्ट कणांपुरता. गंधकाचे आणि तेलाचे कण त्यात धरतच नाहीत.

आता मास्कबद्दल, कारण पेशंटचा पुढचा प्रश्न तोच होता. कापडी किंवा सर्जिकल मास्कच्या कडेने हवा आत येते, त्याचा इथे फारसा उपयोग नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हे बारीक कण चांगले अडवतो, पण वायू नाही. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. शिवाय मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर आठ तास तो लावून ओझी उचलायची, हे मला तरी जमणार नाही.

तुम्ही किंवा घरातलं कोणी विमानतळाच्या आत, उघड्यावर काम करत असेल, तर डॉक्टरांना 'खासगी नोकरी' एवढंच सांगू नका. नेमकं काम सांगा. किती वर्षं, विमानाच्या किती जवळ, सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का. दमा असेल तर फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. आणि लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, एकदाच दिसलं तरी, त्याच आठवड्यात दाखवा.

माझ्या पेशंटला मी पंपाबरोबर एक वहीही दिली. विमान लागल्यावर शेपटीतलं इंजिन किती वेळ चालू होतं ते तो रोज लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा खोकल्याचे दिवस आणि ती मिनिटं आम्ही शेजारी ठेवून पाहणार आहोत.